सहा रोलर आणि राजूरचा घाट

बुलडाणा जिल्हा माणसं दोन भागांत मोजतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा वर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली, पूर्णेच्या काळ्या सपाट खोऱ्यात. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर बुलडाणा शहर साडेसहाशेच्या. या चारशे मीटरांपैकी बरीचशी उंची मलकापूरच्या रस्त्यावर राजूरच्या घाटात आणि खामगावच्या रस्त्यावर, ज्ञानगंगा अभयारण्य ओलांडताना, बोथ्याच्या घाटात चढावी लागते.

ट्रक, एसटी आणि मोटारसायकल यांच्याकडे या चढावर उपाय असतो: गिअर पाडायचा. बिनगिअरच्या स्कूटरवाल्याच्या हातात मात्र एकच गोष्ट असते, रेस. ती पूर्ण पिळूनही गाडी उचल खात नसेल, मागे माणूस आणि पायाशी पिशवी असेल, मागून ट्रकचा हॉर्न वाजत असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो. तिथे हमखास सल्ला मिळतो: हलके रोलर टाकून घ्या, पिकअप येईल. घाटाखालच्या गॅरेजात याच्या उलट सल्लाही ऐकू येतो: जड रोलर टाका, अॅव्हरेज वाढेल. एकाच सुट्या भागाबद्दलचे हे दोन सल्ले आणि दोन्ही अर्धे खरे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर स्कूटरच्या डाव्या बाजूचं लांबट झाकण उघडावं लागतं.

आत दोन पुली दिसतात आणि त्यांच्यावर चढवलेला एक रुंद, दातेरी रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनाच्या क्रँकवर बसलेली, मागची क्लचसह चाकाच्या बाजूला. प्रत्येक पुलीच्या दोन तबकड्या असतात, एक पक्की आणि एक सरकणारी. तबकड्यांची आतली बाजू उतरती असल्यामुळे त्या जवळ आल्या की बेल्ट बाहेरच्या कडेकडे चढतो, दूर गेल्या की आत मध्याकडे उतरतो. पुढे बेल्ट लहान वर्तुळावर आणि मागे मोठ्या वर्तुळावर फिरत असेल तर तो झाला पहिला गिअर. पुढे मोठं वर्तुळ आणि मागे लहान, तर शेवटचा. या दोन टोकांच्या मधे पायऱ्या नाहीत, सलग उतार आहे. सर्वसाधारण ११० सीसी स्कूटरमध्ये सुरुवातीला मागच्या पुलीच्या एका फेऱ्यासाठी क्रँकला सुमारे अडीच फेरे घ्यावे लागतात. शेवटी एका फेऱ्याहूनही कमी पुरतो.

पुढच्या तबकडीला ढकलतं कोण? तिच्या पाठीमागे सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक बुटका दंडगोल. आत पितळ किंवा पोलाद, बाहेर नायलॉनसारख्या गुळगुळीत प्लास्टिकचं कवच. हेच रोलर. सैलानीच्या यात्रेतला साखळ्यांचा गोल पाळणा वेग घेतो तशा त्याच्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. इंजिनाचे फेरे वाढले की रोलरही तसेच केंद्रापासून दूर पळू बघतात. पण त्यांच्या वाटेत एक तिरपी पाटी असते. त्या तिरक्या वाटेवरून बाहेर सरकताना ते तबकडीला बाजूला ढकलतात, तबकड्या मिटतात, बेल्ट वर चढतो. चालकाला काहीच करावं लागत नाही.

ही युक्ती भारतीय रस्त्यावर खऱ्या अर्थाने रुळली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडामुळे. लूना देशभर पोचवणाऱ्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी हात मिळवला आणि ९८ सीसीची, टू-स्ट्रोक, बटनावर सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर आणली. तोवर स्कूटर म्हणजे बजाज चेतक: डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीला पिळून गिअर, सुरू करण्याआधी कधीकधी गाडी तिरकी करायची. चेतकवाला घाटात दुसऱ्या गिअरवर येऊन धिम्या गतीने पण खात्रीने वर पोचायचा. कायनेटिक होंडावाल्याला हा निर्णय घ्यावाच लागत नव्हता, आणि घ्यायचा म्हटला तरी घेता येत नव्हता. युरोपात हे तंत्र त्याआधीच मोटारीत आलं होतं. हॉलंडच्या डाफ कंपनीने, हब व्हान डोर्न यांच्या कल्पनेवरून, १९५८ मध्ये ‘डाफ ६००’ ही छोटी कार अशाच पट्ट्यांवर चालवून दाखवली. मोटारीत हा प्रकार पुढे बराच बदलला. स्कूटरमध्ये मात्र २००१ ची होंडा अॅक्टिव्हा काय किंवा २०१३ ची टीव्हीएस ज्युपिटर काय, मूळ मांडणी तीच राहिली. बेल्ट, दोन पुली, सहा रोलर.

आता थोडं गणित, कारण ते टाळलं की रोलरबद्दलच्या बोलण्यात अंदाज तेवढे उरतात.

बाहेर फेकणारा जोर तीन गोष्टींवर ठरतो: रोलरचं वजन, केंद्रापासूनचं अंतर आणि फिरण्याचा वेग. यातला वेग वर्गाने मोजला जातो. समजा रोलर १५ ग्रॅमचा आहे आणि केंद्रापासून तीन सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर तो सुमारे आठ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलतो. सहांचा मिळून जोर झाला ४८ किलो. फेरे ६,००० वर गेले, म्हणजे दीडपट झाले, की तोच जोर सव्वादोनपट होतो, १०९ किलोच्या आसपास. तळहातावर जाणवतही नाहीत अशा तुकड्यांचा हा जोर.

वजन बदललं की काय होतं, हे याच सूत्रातून निघतं. तबकडी सरकवायला ठराविक जोर लागतो. रोलर हलका असेल तर तो जोर पैदा करायला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. पण फेऱ्यांचा वर्ग होत असल्यामुळे वजन जितक्या टक्क्यांनी घटतं, फेरे साधारण त्याच्या निम्म्यानेच वाढतात. १५ ग्रॅमऐवजी १२ ग्रॅमचे रोलर, म्हणजे २० टक्के हलके, टाकले तर इंजिनाचे फेरे सुमारे १२ टक्के वाढतात. आधी ५,५०० वर गिअर सरकत होता, तो आता सव्वासहा हजारांच्या थोडा अलीकडे सरकेल. १५ चे १८ केले तर उलट, तोच आकडा पाच हजारांवर येईल.

एवढंच होतं. रोलर इंजिनाची ताकद वाढवत नाही. तो पहिला गिअर अधिक खोल करत नाही आणि शेवटचा अधिक लांबही करत नाही. ती दोन टोकं पुलीच्या आणि बेल्टच्या मापाने आधीच ठरलेली असतात. गाडी जागेवरून कधी हलायची हेसुद्धा त्याच्या हातात नसतं. ते मागच्या क्लचच्या छोट्या स्प्रिंग ठरवतात. रोलर ठरवतो ते फक्त गिअर कधी सरकवायचा, म्हणजेच रेस पिळल्यावर इंजिनाने आपला बहुतेक वेळ कुठल्या फेऱ्यांवर काढायचा. गॅरेजच्या बाकड्यावर पिकअप, टॉप आणि अॅव्हरेज ही तीन नावं एका दमात घेतली जातात, पण तिन्हींची मुळं या एकाच निर्णयात आहेत.

मग घाटात हलका रोलर का उपयोगी पडतो? उदाहरणासाठी अॅक्टिव्हा सिक्स-जी घेऊ. तिचं १०९.५१ सीसी इंजिन ८.७९ न्यूटन-मीटर हा आपला सर्वाधिक टॉर्क ५,२५० फेऱ्यांवर देतं आणि ५.७३ किलोवॅट ही सर्वाधिक ताकद ८,००० फेऱ्यांवर. गाडीचं वजन १०७ किलो धरू, चालवणारा ७० चा, मागे बसलेलं माणूस ६० चं आणि फूटबोर्डवर युरियाची एक गोणी. गोणी पूर्वी ५० किलोची असे, आता ४५ ची असते. स्कूटरच्या दृष्टीने हा बदल चांगलाच म्हणायचा. एकूण २८२ किलो. रस्ता दर शंभर मीटरला सहा मीटर चढतो आणि गाडी ताशी ४० ने न्यायची आहे असं मानलं, तर नुसतं वजन उचलायला १.८ किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळवला की चाकापाशी सुमारे तीन. बेल्ट, पुली आणि मागच्या गिअरमध्ये वाया जाणारा भाग धरला तर इंजिनाकडून पावणेचार किलोवॅटची मागणी येते.

हे इंजिन ५,२५० फेऱ्यांवर ४.८ किलोवॅट देऊ शकतं, म्हणजे मागणी भागून वर शिल्लक. पण गिअर लवकर सरकून इंजिन ४,००० वर अडकलं, तर? तिथे सर्वाधिक टॉर्क मिळाला असं उदारपणे मानलं तरी ताकद भरते ३.७ किलोवॅट. मागणी पुरी होत नाही. गाडी हळू होते, चालक रेस आणखी पिळतो आणि पिळायला काही उरलेलं नसतं. हलके रोलर इंजिनाला या खड्ड्यात उतरू देत नाहीत, त्याला वरच्या फेऱ्यांत ठेवतात. चढावर जाणवणारा पिकअप तो हाच.

कंपनीला हे कळत नाही असं नाही. मागच्या पुलीत तिने त्याची सोय केलेली असते. तिथे एक मोठी स्प्रिंग आणि तिरक्या खाचांची नळी असते. चाकावर ओझं वाढलं की त्या खाचा मागच्या तबकड्या मिटवतात, बेल्ट मागे मोठ्या वर्तुळावर चढतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते. रोलर बेल्टला एका दिशेने ओढतात, ही नळी आणि स्प्रिंग दुसऱ्या. त्या रस्सीखेचीत जिथे समतोल होतो तो त्या क्षणीचा गिअर. कंपनी हा समतोल बसवताना मायलेज, धूर, आवाज आणि देशभरातल्या सरासरी वापराचा विचार करते. सरासरी वापरात राजूरचा घाट नसतो, हे तिला माफ केलं पाहिजे.

घाटावरच्या गाडीला आणखी एक गोष्ट नडते. साडेसहाशे मीटरवरची हवा अडीचशे मीटरवरच्या हवेपेक्षा चार-पाच टक्के विरळ असते, आणि पेट्रोल-इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. फ्युएल इंजेक्शनची गाडी विरळ हवेला जुळेल एवढंच पेट्रोल सोडते, त्यामुळे धूर होत नाही. पण जी हवा मिळालीच नाही ती इंजेक्शनही आणू शकत नाही. चढ संपतो तिथे पोचेपर्यंत इंजिन मलकापुरात होतं त्याहून किंचित अशक्त झालेलं असतं.

आता घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, खामगाव असा राष्ट्रीय महामार्ग ५३ सपाट पळतो. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाजवळून शेगावच्या दिशेने निघालेल्या एकट्या माणसाला फारशी ताकद लागत नाही. तिथे इंजिन जितक्या कमी फेऱ्यांवर शांत चालेल तितकं आतलं घर्षण कमी आणि पेट्रोलची बचत जास्त. जड रोलरचा सल्ला इथून येतो. तत्त्व म्हणून तो चूक नाही, पण त्यातून पदरात पडणारा फायदा सांगितला जातो त्याच्यापेक्षा बराच लहान असतो. सपाटीवर एका वेगाने, अर्ध्या रेसवर चाललेली गाडी मूळ रोलरवरही वरच्या गिअरपर्यंत पोचलेलीच असते; त्याच्या पलीकडे सरकायला जागाच नसते. जड रोलर काम करतात ते वेग घेताना. तिथे ते इंजिनाला दाबून ठेवतात आणि त्या दाबातून सुटायला चालक रेस जास्त पिळतो. वाचवलेलं पेट्रोल असं परत जातं. गावात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला जड रोलर टाकणं म्हणजे पैसे देऊन सुस्ती विकत घेणं होय.

टॉप स्पीडचंही तसंच. जड रोलरने टॉप वाढतो असं सांगितलं जातं, पण बेल्ट आधीच शेवटच्या टोकाला पोचत असेल तर जड रोलर त्याला टोकाच्या बाहेर नेऊ शकत नाहीत. अतिहलक्या रोलरचा तोटा मात्र खरा आहे. त्यांच्यात शेवटपर्यंत ढकलायचा जोर उरला नाही तर बेल्ट वाटेतच थांबतो, इंजिन किंचाळतं आणि काटा पुढे सरकत नाही.

किंचाळण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण रोलर बदलल्यानंतर माणूस गाडीची परीक्षा बहुधा कानाने घेतो. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं. खरी परीक्षा घड्याळाने होते: तोच घाट, तेच ओझं, त्याच दोन खुणांमधलं अंतर आणि आधीची व नंतरची वेळ. मायलेज तपासायचं तर टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचं. डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते वेगळ्याच कारणाने. ‘गाडीत दम राहिला नाही’ म्हणून आलेल्या स्कूटरचे रोलर बाहेर काढून पाहिले तर ते अनेकदा गोल राहिलेले नसतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासून त्यांना सपाट चट्टे पडतात. असा रोलर घरंगळत नाही, घसटतो, अडतो. मग गाडी सुरुवातीला हिसके देते, मधेच फेरे चढतात, उभी असताना डाव्या बाजूने खडखड येते. चट्टा पडल्याने त्याची जाडीही घटते आणि तबकडी पूर्ण सरकत नाही, त्यामुळे टॉप कमी होतो. त्यातच बेल्ट झिजून अरुंद झालेला असतो, जो पुलीत खोल बसतो आणि तीच लक्षणं वाढवतो. अशा गाडीत हलके रोलर टाकले तर ती नक्कीच सुधारते, पण सुधारणा हलकेपणाची नसून नवेपणाची असते. मूळ वजनाचे नवे रोलर टाकले असते तरी तेच झालं असतं, वर मायलेजही टिकलं असतं.

घाटाखाली या झिजेला धुळीची साथ मिळते. बेल्टच्या खोलीला थंड हवा लागते आणि ती एका छोट्या फिल्टरमधून येते. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर असताना आणि कपाशीच्या हंगामात रस्त्यावर धूळ व कापसाची तूस उडत असताना तो फिल्टर तुंबला की बेल्ट तापतो. तापलेला बेल्ट घसरतो आणि घसरणारा बेल्ट आणखी तापतो. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनाचा एअर फिल्टर साफ होतो, या दुसऱ्या फिल्टरची आठवण मात्र करून द्यावी लागते. बेल्ट बदलण्याची मुदत गाडीगणिक वेगळी असते, बहुतेकांत वीस-चोवीस हजार किलोमीटरच्या आसपास. मॅन्युअलमधला आकडा पाहावा.

ज्याला खरोखरच रोज घाट चढायचा आहे, त्याने वजन बदलायला हरकत नाही. उदाहरणार्थ, मोताळ्याहून बुलडाण्याला नोकरीसाठी ये-जा करणारा, किंवा घाटाखालून दूध वर नेणारा. बदल १० टक्क्यांपासून सुरू करावा, १५ च्या फार पुढे जाऊ नये. रोलरचं माप, म्हणजे व्यास आणि रुंदी, मूळचंच हवं. वजन तेवढं वेगळं. नेमकं मधलं वजन मिळत नसेल तर १५ चे तीन आणि १२ चे तीन एकाआड एक बसवले की सरासरी साडेतेरा होते आणि तोलही बिघडत नाही. शेजारी-शेजारी सारखे तीन बसवले तर मात्र पुली हादरते. इटलीच्या मालोसी आणि पोलिनी या कंपन्या निरनिराळ्या वजनांचे संच विकतात. स्थानिक बाजारात स्वस्त संचही मिळतात, ज्यांच्यावर छापलेलं वजन आणि खरं वजन यांत फरक निघू शकतो. बुलडाणेकरांना यावर उपाय सोपा आहे. खामगाव ही चांदीची जुनी पेठ, तिथल्या कोणत्याही पेढीवरचा काटा ग्रॅमचा अंशही दाखवतो. सहाही रोलर तोलून घ्यावेत.

कंपनीने मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसेल तर रोलरना ग्रीस लावू नये. ते धूळ धरतं आणि उडून बेल्टवर गेलं तर बेल्ट घसरतो. पुढच्या पुलीचा नट ठरलेल्या ताणाने आवळलेला असावा. सैल राहिला तर क्रँकचे आटे खराब होतात आणि तो खर्च रोलरच्या कित्येक पट असतो. वॉरंटीतल्या गाडीत मूळ वजन बदललं तर दावा नाकारला जाऊ शकतो, हेही आधी विचारून घ्यावं.

हलक्या रोलरचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो आणि तो उतरणीचा आहे. रेस सोडल्यावर हलके रोलर बेल्टला खालच्या गिअरकडे लवकर येऊ देतात, त्यामुळे इंजिनाचा अडथळा थोडा जास्त मिळतो आणि ब्रेक थोडे कमी तापतात. अर्थात वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते; तिथे कोणताच रोलर कामाला येत नाही, ब्रेकच लागतात.

विजेच्या स्कूटरमध्ये हा सगळा पसारा नसतो. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते, म्हणून सरकता गिअर लागत नाही. चेतक २०२० मध्ये विजेवर परतली आणि २०२५ मध्ये कायनेटिकनेही डीएक्स हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला दिलं, तीही रोलरविना. पण जिल्ह्याच्या रस्त्यांवर आज बहुसंख्येने धावणाऱ्या पेट्रोल स्कूटर आहेत आणि त्या अजून बरीच वर्षं धावतील.

त्यांच्या मालकांसाठी हिशोब असा: घाटाखालीच फिरणाऱ्याने कंपनीच्या वजनाचे रोलर ठेवावेत, रोज ओझं घेऊन घाट चढणाऱ्याने दहा-बारा टक्के हलके टाकून पाहावेत आणि मायलेजमध्ये थोडी घट गृहीत धरावी, ११० सीसीच्या गाडीत जड रोलर टाकण्याचं कारण जिल्ह्यात कुठेच दिसत नाही. आणि गॅरेजवाल्याने झाकण उघडलं की आधी जुने रोलर हातात घेऊन पाहावेत. त्यांना चट्टे असतील तर त्याच वजनाचा नवा संच बसवून आठवडाभर गाडी चालवावी, वजन बदलायचं की नाही ते त्यानंतर ठरवावं.